पायाचं वजन कोण उचलतंय

ऐका हो ऐका! जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतील तमाम ग्रामस्थ, गाडामालक, बागायतदार, भजनी मंडळी, पै-पाहुणे आणि उन्हात ताटकळलेले समस्त शौकीन यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते, की माझा एकुलता एक भाचा, वय वर्षे सोळा, हा ओझरच्या गणपतीचं दर्शन घेऊन मोपेडवरून परत येत असताना टोमॅटोवरून घसरून पडला आहे. सदर टोमॅटो जागीच ठार झाले असून भाचा दवाखान्यात आहे. तरी सर्वांनी शांतता राखावी.

हे निवेदन मी आज, दोन वर्षांनी, मांडी घालून आरामात करतो आहे. त्या दिवशी माझ्या तोंडून फक्त 'आँ?' एवढंच निघालं होतं.

पण ते 'आँ' मोठ्या आवाजात निघालं. यात्रांच्या दिवसांत बैलगाडा घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, माइक धरून बोलणं हे माझं काम, किंवा खरं सांगायचं तर माझी खोड. एरवी माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. चैत्र लागला की दुकान बायकोवर सोपवून मी या घाटावरून त्या घाटावर 'झाली झाली, भिर्रर्र झाली' करत फिरतो. फोन आला तेव्हा मी घाटातच होतो. एका हातात माइक, एका हातात मोबाईल. पलीकडून कुणीतरी अनोळखी माणूस म्हणाला, "भाऊ, लवकर या. तुमचा भाचा न् त्याचा दोस्त गाडीवरनं पडल्यात. रक्तानं न्हाऊन निघाल्यात दोघंबी." माझं 'आँ?' त्या चालू माइकमधून पाच हजार माणसांनी ऐकलं. घाटाच्या तोंडाशी जुंपलेली बैलंसुद्धा दचकली, असं लोक अजून सांगतात. मला त्यातलं काही आठवत नाही. नारायणगावला दवाखान्यात पोचेपर्यंत मी कुठली गाडी चालवत होतो तेही मला नीट सांगता येणार नाही.

दवाखान्याच्या दारात माझी धाकटी बहीण भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पदरावर, हातांवर, कोपरांपर्यंत लाल. मी तिथेच दाराची चौकट धरली. आत सिस्टर दोघा पोरांना पुसत होत्या. पन्नाशीच्या, चष्मेवाल्या, चिमट्यासारख्या बोटांच्या. त्यांनी माझ्या भाच्याच्या केसांतून काहीतरी काढलं, उजेडात धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मामा ना तुम्ही? बसा खाली, पडाल. यातलं निम्मं रक्त नाहीये. कोशिंबीर आहे."

झालं होतं असं. अकरावीचा शेवटचा पेपर संपला आणि दोघं बहिणीची मोपेड घेऊन ओझरला गेले. पेपर देऊन झाल्यावर देवाला भेटायला जाण्यात काय अर्थ आहे, हे मी नंतर विचारलं, तेव्हा कळलं की गणिताचा पेपर असा गेला होता की आता देवाशिवाय कुणाच्या हातात काही उरलं नव्हतं. येताना एका वळणावर बाजाराला निघालेल्या टेम्पोतून क्रेट पडले होते. रस्ताभर टोमॅटोचा चिखल. टेम्पो कडेला उभा. मोपेड घसरली आणि दोघांना घेऊन सरळ टेम्पोच्या मागच्या फळीवर गेली.

आणि हेल्मेट? होतं की! हेल्मेट हँडलला लटकवलेलं होतं आणि त्यात प्रसादाचा नारळ ठेवलेला होता, फुटू नये म्हणून. नारळाला साधा ओरखडासुद्धा आला नाही.

मी ही गोष्ट चारचौघांत सांगतो तेव्हा इथे लोक हसतात. मीही हसतो. पण त्या दिवशी बहिणीनं तो नारळ माझ्या हातात दिला, तेव्हा मी तो मोटारसायकलच्या डिकीत टाकून दिला आणि त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही. कारण त्या पोराला मोपेड शिकवली होती मी. चौदाव्या वर्षी. रिकाम्या बैलगाडा घाटावर, संध्याकाळी, 'अजून पिळ, अजून पिळ' असं ओरडत. लायसन नव्हतं, वय नव्हतं, आणि हेल्मेटचं नाव मी एकदाही काढलं नव्हतं. हे बहिणीला माहीत होतं. तिनं ते आजपर्यंत तोंडावर म्हटलेलं नाही.

भाच्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि छातीला मार होता. गाडी चालवत होता तो. मागे बसलेल्या दोस्ताचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला. दोघांच्याही जिवाला धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. डॉक्टर तरुण होते, बारीक अंगाचे, आणि बोलायचे असे की प्रत्येक वाक्याला टाका घातल्यासारखं वाटायचं. "जबडा तारेनं बांधतो. महिनाभर पातळ खाणं. बोलायचं नाही. मांडीचं ऑपरेशन करावं लागेल, पण छातीचा मार आहे, लगेच भूल देणार नाही. चार-पाच दिवस थांबू. तोपर्यंत पायाला वजन." म्हणजे असं, की मोडलेल्या पायाला पट्ट्या बांधून त्यांची दोरी पलंगाच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडायची आणि तिच्या टोकाला लोखंडी चकत्या अडकवायच्या. त्या लोंबकळत राहिल्या की पाय ताणलेला राहतो आणि हाडाची टोकं एकमेकांवर घासत नाहीत. चकत्या जमिनीला टेकता कामा नयेत. एवढं साधं.

साधं नव्हतं ते दुसरंच. तो दोस्त कोण, ते सांगायला हवं.

डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, जिथं रस्ता संपून पायवाट लागते, तिथल्या एका म्हाताऱ्याकडून माझी बहीण वर्षाचा तांदूळ घ्यायची. दहा-बारा वर्षांचा हा व्यवहार. म्हातारा दिवाळीनंतर पोतं घेऊन यायचा, ओसरीवर बसून चहा प्यायचा आणि जायचा. अपघाताच्या आदल्या जूनमध्ये तो पोत्याऐवजी नातू घेऊन आला. पोराचे आईबाप पुण्याला बांधकामावर, पोर आजोबाजवळ वाढलेलं, दहावीला चांगले मार्क पडलेले, आणि तिथून कॉलेजला जायचं तर एसटी कधी येईल याचा नेम नाही. म्हातारा बहिणीला म्हणाला होता, "ताई, ह्येला तुमच्याकडं ठिवतो. तुमचा एक हाय, त्याच्या जोडीला ह्यो." बस, एवढंच. लिहून-बिहून काही नाही.

आणि जोडी अशी जमली की विचारू नका. एका ताटात जेवायचे, एका पुस्तकावरून मारामारी करायचे. माझा भाचा एकुलता एक असल्यामुळे अर्धवट लाडावलेला, तो या डोंगरातल्या पोरामुळे माणसात आला. भल्या सकाळी उठायला लागला. भाकरी मोडून खायला लागला.

आता ते सोपवलेलं पोर जबडा बांधून पलंगावर पडलेलं. बहीण मला जिन्याखाली ओढून नेत म्हणाली, "दादा, त्या माणसाला मी काय तोंड दाखवू? त्यांनी माझ्या भरवशावर ठेवलं व्हतं रे. आता ते त्याला घेऊन जाणार. परत नाय पाठवायचे. आणि आपल्याला बोलायला जागा तरी हाय का?"

मी म्हणालो, "अगं, बघू."

"तू काय बघणार? तूच शिकवली ना गाडी..." असं ती म्हणाली नाही. मगाशीच सांगितलं, तिनं कधीच म्हटलं नाही. मलाच ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा आला. दोन गाड्या बदलून. अंगात धुवट सदरा, डोक्याला टोपी, खांद्यावर तांदळाची पिशवी. नातवाजवळ गेला, त्याच्या बांधलेल्या तोंडाकडे बघितलं, कपाळावर हात ठेवला. मग शेजारच्या पलंगाकडे वळला. माझा भाचा तिथे डोळे मिटून पडला होता, झोपल्याचं सोंग करत. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. पायाकडे बघितलं, दोरीकडे बघितलं, खाली लोंबणाऱ्या चकत्यांकडे बघितलं. बराच वेळ. मग एकही शब्द न बोलता बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला.

मी पाच हजार माणसांना गप्प बसवलेलं आहे, पण मला गप्प बसवणारा तो पहिलाच.

त्यानंतर तो रोज तिथेच. सकाळी बहिणीच्या घरी जायचा, आपण आणलेल्या तांदळाची पेज स्वतः शिजवायचा, आणि नातवाला नळीनं पाजायचा. बहिणीनं चहा दिला की घ्यायचा. "बसा ना, पावणं," मी म्हणायचो, की बसायचा. पण बोलणं नाही. आम्ही त्या गप्प बसण्याचे अर्थ लावायचो आणि एकाहून एक वाईट लावायचो.

मी दुकान आणि घाट दोन्ही सोडून सकाळी दहा ते संध्याकाळी सहा दवाखान्यात पहारा द्यायचो, कारण भावोजी चाकणला कंपनीत आणि बहिणीला घर. आणि पहाऱ्याची गरज होती, कारण आपल्याकडे माणूस दवाखान्यात पडला की त्याला बघायला जावंच लागतं. नाही गेलं तर पुढच्या लग्नात बोलणी खावी लागतात. त्यामुळे माझ्या घाटाच्या मित्रमंडळींपैकी कुणी बेल्ह्याच्या बाजारातून बैल घेऊन परस्पर टेम्पोनं येई, बैल खाली बांधून वर येई, बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवी आणि सुरू करी.

"कुठला पाय?"

"डावा."

"डावा व्हय. माझ्या साडूचा डावाच गेला व्हता."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे आला परत. पर इतका आखूड आला की चपला दोन येगळ्या नंबरच्या घ्याव्या लागतात. न्हाई, ह्येचं तसं व्हनार न्हाई. ह्येचं अजून कवळं हाड हाय."

असा धीर देऊन तो निघायचा आणि जिन्यात त्याला दुसरा भेटायचा, ज्याच्या मेव्हण्याचं याहून भयंकर झालेलं असायचं. तीन दिवसांत आमच्याकडे बिस्किटांचे इतके पुडे साचले की त्यांचा खोका पलंगाखाली मावेना. शहाळी कोपऱ्यात पोतंभर.

दोन्ही पोरांचे मोबाईल फुटले होते आणि एकाला बोलायची बंदी होती. म्हणून मी टपाल खातं उघडलं. दोस्त वहीच्या कागदावर चिठ्ठी लिहायचा, मी ती चार फुटांवरच्या भाच्याला पोचवायची. वाटेत मी ती वाचायचो. मी सरकारी पोस्टमन थोडाच आहे.

पहिली चिठ्ठी: 'झोपलास का बैला?'

भाच्यानं वाचली. तोंड भिंतीकडे केलं.

दुसरी: 'मी मेलो नाय. तोंड बांधलंय फक्त. तुला बरंच आहे, आता तूच बोल.'

उत्तर नाही.

दुपारच्या जेवणात त्या दिवशी पातळ म्हणून टोमॅटोचं सूप आलं. तिसरी चिठ्ठी त्याबरोबर: 'मामा, त्याला सांगा, मी बदला घेतोय.'

मी हसून लोळायच्या बेतात होतो. भाचा हसला नाही. तो आढ्याकडे बघत पडून राहिला आणि डोळ्यांतलं पाणी सरळ कानात गेलं. मी ते टॉवेलानं टिपलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "मामा, तो चांगलाय म्हणून मस्करी करतोय. आजोबा त्याला नेणार. मी गाडी चालवत व्हतो ना."

"अरे, टोमॅटो होते."

"चालवत तर मीच व्हतो."

बैलाच्या शेपटीवर अर्धा तास बोलणारा मी, त्या टॉवेलाची घडी घालत बसलो.

आणि याच दिवसांत तो वजनाचा प्रकार सुरू झाला.

दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला सिस्टर फेरीला आल्या आणि किंचाळल्या, "हे कुणी केलं?" पलंगाच्या पायथ्याशी बिस्किटांचा खोका सरकवलेला होता आणि लोखंडी चकत्या त्याच्यावर छान बसवून ठेवल्या होत्या. दोरी ढिली. पायाला ताणच नाही. सिस्टरनी खोका लाथेनं बाजूला केला, चकत्या पुन्हा लोंबकळल्या. पाय ताणला गेला तसा भाच्यानं दात आवळले, आणि मग मोठा श्वास सोडला.

"कुणीतरी बघायला आलेलं असेल, त्यांनी सरकवला असेल खोका," मी म्हणालो.

"चकत्या उचलून? त्याच्यावर ठेवून?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मामा, तुमचा मस्करीचा स्वभाव मला माहितीये. माझा भाऊ येतो तुमच्या घाटावर."

तिसऱ्या दिवशी खोका नव्हता. सिस्टरनी तो उचलून नेला होता. तर चकत्या शहाळ्यांवर. तीन शहाळी गवतात अंडी मांडावीत तशी नीट मांडून, वर वजन. चौथ्या दिवशी शहाळी हलवली, तर पेशंटच्या नातेवाइकांसाठी असलेलं स्टूल. दर वेळी दुपारी एक ते तीनच्या मध्ये, जेव्हा अख्खा वॉर्ड जेवून झोपलेला असतो, आणि मीही, कबूल करतो, खुर्चीत घोरत असतो.

आता प्रकरण गंभीर झालं. डॉक्टर स्वतः आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि टाके घालू लागले. "हाड सरकलं तर जबाबदार कोण? पाय आखूड राहिला तर? तुम्हाला गंमत वाटते का?"

"डॉक्टर, आईशपथ, मी नाही."

"मग कोण?"

बहिणीनंसुद्धा माझ्याकडे संशयानं बघितलं. आयुष्यभर केलेल्या खोड्या एकदम वसूल झाल्या. लहानपणी तिच्या बाहुलीचे पाय मीच काढले होते, हे तिला त्या क्षणी आठवलं असणार.

मी भाच्याला विचारलं, "तुला माहीत असणार की रे. तुझ्याच पायाशी होतंय. कोण उचलतं?"

"मी झोपलेलो असतो," तो म्हणाला. भिंतीकडे बघूनच.

दोस्ताला विचारलं. त्यानं वहीत लिहिलं: 'मला गोळी देतात. मी बैलासारखा झोपतो.'

पाचवा दिवस उजाडला. भाच्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं होतं आणि दोस्ताला त्या दिवशी सोडणार होते. सकाळी म्हातारा बहिणीच्या घरून आला तो हातात पत्र्याची पेटी घेऊन. दोस्ताची पेटी. कपडे, वह्या, पुस्तकं, सगळं भरलेलं. ती त्यानं नातवाच्या पलंगाखाली ठेवली आणि पुन्हा व्हरांड्यात जाऊन बसला. डिंभ्याची गाडी चारला होती, आली तर.

बहिणीनं पेटी बघितली आणि माझा दंड धरला. "पुस्तकंबी घेतली रे, दादा. सगळी. फळी मोकळी केली."

भाच्यानंही पेटी बघितली. त्यानंतर तो जेवला नाही. मी भात कालवून तोंडाशी धरला तर ओठ मिटून घेतले. दोस्त वहीवर भराभरा लिहायला लागला, पण त्यानं लिहिलेलं खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं, आणि शेवटी कागद फाडून खिशात घातला. पहिल्यांदाच टपाल निघालं नाही.

दुपारी मी खुर्चीत मान टाकली आणि घोरायला लागलो. या खेपेला खोटं. यात्रेतल्या तमाशात मी एकदा दारुड्याचं काम केलेलं आहे, त्यामुळे घोरण्यात कमी पडलो नाही. एका डोळ्याची फट ठेवली. दाराआड सिस्टर आणि त्यांच्यामागे डॉक्टर उभे. बेत माझाच. मला माझं नाव धुऊन घ्यायचं होतं.

वॉर्ड शांत झाला. पंखा कुरकुरत होता. मग दारातून तो आत आला.

म्हातारा. चपला बाहेर काढून, अनवाणी. नातवाकडे गेलाच नाही. सरळ माझ्या भाच्याच्या पायथ्याशी आला, इकडेतिकडे बघितलं. स्टूल नव्हतं, खोका नव्हता, शहाळी नव्हती. मग त्यानं शेजारच्या पलंगाखालून ती पत्र्याची पेटी काढली. आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी उचलूनच. कप्पीखाली ठेवली. वाकून चकत्या अलगद उचलल्या आणि पेटीवर टेकवल्या. मग तो भाच्याच्या त्या मोडक्या पायाच्या तळव्यावर हात ठेवून उभा राहिला. अंगठ्यानं हळूहळू तळवा चोळत. बैलाच्या खुराला लागलेलं असलं की धरतात, तसा धरून.

भाच्याचे डोळे मिटलेले. पण मी त्याचा मामा आहे. तो जागा होता.

"बाबा!" सिस्टर आत आल्या. डॉक्टर आत आले. मी घोरणं थांबवायचं विसरलो आणि मध्येच एक घरघर उगीच उठली. सगळे जागे झाले.

"बाबा, तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "रोज तुम्हीच?"

म्हातारा दचकला, पण हात काढला नाही. चार दिवसांत आम्ही त्याचा आवाज नीट ऐकला नव्हता, आणि आता तो एकदम इतका बोलला की सगळा वॉर्ड ऐकत राहिला.

"व्हय, म्याच. सायेब, तुमी शिकल्याली मानसं. पर ह्ये बरं न्हवं. आमी बी गुरं ठिवतो. एखादं गोऱ्हं लई उधळाय लागलं, दुसऱ्याच्या रानात घुसाय लागलं, तर त्याच्या गळ्यात लाकूड बांधतो. लोढणं. पळताना पायांत येतं, मग ते पळत न्हाई. पर ते धट्ट्याकट्ट्या जनावराला, सायेब! मोडल्याल्या पायाला कोन लोढणं बांधतं का? पोरानं गाडी जोरात पळवली, चुकलं त्याचं, मान्य. त्याला शिक्षा दिली ती बास झाली आता. ज्याच्या नातवाचं तोंड फुटलं त्यो मी हाय, आन् मीच सांगतो, सोडा त्याला. सुट्टीपुरता मी माझ्या पोराला घरी न्हेतोय, तोंड जुळंस्तवर. बुकं संगं दिल्यात वाचाय. जूनला परत आनून सोडनार. मग त्यानं कुनाच्या संगं जायचं कालेजात? ह्यो लंगडत राह्यला तर?"

बहीण दारात डबा घेऊन आली होती. तिनं डबा जमिनीवर ठेवला आणि तिथेच, उंबऱ्यात, पदर तोंडाला लावून बसली. दोस्ताच्या तारा बांधलेल्या तोंडातून काहीतरी विचित्र आवाज येत होता. तो हसत होता की रडत होता, हे तोंड बांधलेलं असल्यामुळे कळायला मार्ग नव्हता.

डॉक्टरांचा चेहरा मी पहिल्यांदाच सैल झालेला बघितला. ते खाली बसले, म्हणजे अक्षरशः फरशीवर उकिडवे बसले, आणि त्यांनी म्हाताऱ्याला दोरी, कप्पी, चकत्या, हाड सगळं समजावून सांगितलं. दोन बोटं एकमेकांवर घासून दाखवली. "बाबा, ही शिक्षा नाही. हे वजन असतं म्हणून हाडं लांब राहतात, म्हणून दुखत नाही. तुम्ही उचललंत की ती अशी एकमेकांत घुसतात. तेव्हा दुखतं. फार दुखतं."

म्हाताऱ्याला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. त्यानं भाच्याच्या तळव्यावरचा हात असा काढला, की जणू आपणच चटका दिला होता. "म्हंजी... रोज? मी येऊन त्याला रोज..."

डॉक्टरांनी चकत्या पेटीवरून उचलून पुन्हा लोंबकळत्या केल्या. पाय ताणला गेला. भाच्याचं अंग पलंगावर सैल पडलं आणि कपाळावर घाम दिसला. डॉक्टर त्याच्यावर वाकले आणि खरोखरच चिडले. "आणि तू रे? तू जागा असायचास ना? दोन-दोन तास हाड घासून घेतलंस! ओरडायला काय झालं होतं तुला?"

भाच्यानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हाताऱ्याकडे सरळ बघितलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"वरडलो असतो तर आजोबांनी हात काढला असता ना!"